आधी आयसीयू, की थेट मनोरुग्णालय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सांगली जिल्ह्यातल्या एका बावीस वर्षांच्या मैत्रिणीचं पत्र आहे. ती यंदा बी.एस्सी. नर्सिंग झाली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही हातात आली. तिसऱ्या वर्षी मनोरुग्णालयात पोस्टिंग झालं, तेव्हापासून याच क्षेत्रात जायचं असं तिने मनाशी धरलं आहे. आता तिच्यापुढे पुण्यातल्या दोन नोकऱ्या आहेत. एक मोठ्या खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूमध्ये, दुसरी साठ खाटांच्या खासगी मनोरुग्णालयात. या दुसऱ्या ठिकाणी व्यसनमुक्ती विभागही आहे, पण पगार चार हजारांनी कमी. कॉलेजच्या मॅडम म्हणतात, "आधी दोन वर्षं आयसीयू कर, नाहीतर हात जाईल. सायकियाट्रीत काय, गोळ्या वाटायच्या आणि गप्पा मारायच्या." आई म्हणते, "वेड्यांच्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्या मुलीला कोणाचं स्थळ सांगून येणार?" वडील काहीच बोलत नाहीत. ती स्वतः लिहिते, "मी हळवी आहे, माझ्याशी सगळे मोकळेपणाने बोलतात, म्हणून मला हे काम जमेल." आणि पत्राच्या अगदी शेवटी: तिच्या मामाला बरीच वर्षं स्किझोफ्रेनिया आहे, आजी त्याला चहातून गोळी देते. "त्याच्यासाठी जे झालं नाही ते मी दुसऱ्यांसाठी करेन." दोन्हीकडे आठ दिवसांत कळवायचं आहे.

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

मॅडमच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण आपल्याकडच्या प्रत्येक नर्सिंग कॉलेजात ते कुणी ना कुणी म्हणतंच. हात जाईल. म्हणजे कॅन्युला, सलाइनसाठी शिरेत घालायची ती बारीक नळी, घालायचा सराव सुटेल, व्हेंटिलेटर विसरशील, मॉनिटर बघून छाती धडधडेल. यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. रोज दहा कॅन्युला घालणारीचा हात आणि आठवड्याला एखादी घालणारीचा हात यांत फरक पडतोच. पण "गोळ्या वाटायच्या" म्हणताना मॅडमच्या डोळ्यांपुढे कोणत्या गोळ्या असतात, हे मला त्यांना एकदा विचारायचं आहे.

लिथियमचं उदाहरण घे, मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध. रक्तातली त्याची पातळी साधारण ०.६ ते १.२ या पट्ट्यात ठेवायची असते. मे महिन्याच्या उन्हात रुग्णाला जुलाब लागले, अंगातलं पाणी कमी झालं, त्यात कुणी गुडघेदुखीची गोळी दिली, की ती पातळी चढते. हात जास्त थरथरायला लागतात, उलट्या होतात, चालताना झोक जातो. हे ओळखणारी नर्स वॉर्डात नसेल तर रुग्ण "नाटक करतोय" असं हँडओव्हरमध्ये सांगितलं जातं आणि सकाळपर्यंत तो शुद्धीत राहत नाही. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्या औषधावर असलेल्या रुग्णाला ताप आला, घसा दुखला तर पांढऱ्या पेशी मोजायच्या असतात. त्याला चार दिवस शौचाला झाली नाही तर तीही साधी बद्धकोष्ठता समजायची नसते, आतडं बंद पडून माणूस जातो. हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिल्यावर एखाद्या तरुण मुलाची मान वाकडी होते, डोळे वर चढतात आणि नातेवाईक म्हणतात अंगात आलं. अंग लाकडासारखं कडक आणि सोबत ताप असेल तर ती इमर्जन्सी आहे. दारू सोडवायला आलेल्या माणसाने शेवटचा पेला कधी घेतला हे विचारलंच नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तो थरथरत, घामाने भिजून, भिंतीवरचे किडे झटकायला लागतो. आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, द्यायचं हे तिथे लक्षात ठेवावं लागतं.

यांपैकी कशासाठीही मॉनिटर वाजत नाही. आयसीयूत यंत्र सांगतं की काहीतरी बिघडलं आहे, इथे तू बघायचं असतं. शॉक ट्रीटमेंटच्या सकाळी तर तुला चक्क ऑपरेशनच्या रुग्णासारखी तयारी करावी लागते: रात्रीपासून उपाशी, कवळी काढलेली, संमतीचा कागद, भूल, ऑक्सिजन, आणि नंतर शुद्धीवर येईपर्यंत शेजारी थांबणं.

अजून एक. मनोरुग्णाचं शरीर कुणी गंभीरपणे घेत नाही. त्याने छातीत दुखतंय म्हटलं तर भ्रम समजतात, पोटात दुखतंय म्हटलं तर लक्ष वेधून घेतोय म्हणतात. ऑलान्झापिनने वजन आणि साखर वाढलेली माणसं वॉर्डावॉर्डांत असतात आणि त्यांचा बीपी महिनोन् महिने कुणी बघत नाही. ईसीजी काढता येणारी, साखर तपासणारी, "सर, याला एकदा फिजिशियनला दाखवू या" असं हट्टाने म्हणणारी नर्स तिथे हवी असते. तेव्हा हात जाणार का, हे बरंचसं तुझ्यावर आहे. हॉस्पिटलला शॉक ट्रीटमेंटच्या खोलीत ड्यूटी माग, सीपीआरचं प्रशिक्षण वेळच्या वेळी पुन्हा कर.

मॅडमचं एवढं बोलून झालं. आता तुझं गृहीतक. खरं सांगायचं तर मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

तू लिहितेस, मी हळवी आहे, माझ्याशी सगळे बोलतात. तुझ्याशी बोलतात ते लोक बोलायला तयार असलेले आहेत. वॉर्डात तुला भेटणाऱ्यांपैकी पुष्कळजण तुझ्याशी बोलणार नाहीत. एखादी बाई तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून झोपेल. एखादा तुला शिव्या देईल, तू दिलेल्या पाण्यात विष आहे म्हणेल, थुंकेल. एखादा इतकं गोड बोलेल की त्याने जिभेखाली दाबलेली गोळी बघायचं तू विसरशील, आणि अशा साठवलेल्या गोळ्या त्याने एकदम घेतल्या की मग कळेल. ड्यूटी घेताना रुग्ण मोजायचे, चाव्या मोजायच्या, सुया आणि कात्र्या मोजायच्या, जेवणानंतर चमचे मोजायचे. "तोंड उघडा, जीभ वर करा" हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा म्हणायचं. आंघोळ, नखं, केसातल्या उवा. टीव्हीच्या रिमोटवरून भांडणं, तंबाखूवरून भांडणं. जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा धोका असलेल्या रुग्णाकडे दर पंधरा मिनिटांनी जाऊन बघायचं, आणि पहाटे चारलाही खरंच जाऊन बघायचं, रजिस्टरमध्ये एकदम सह्या ठोकायच्या नाहीत.

आणि लिहायचं. नवीन मुली नोट्समध्ये लिहितात, "रुग्ण विचित्र वागतो" किंवा "रुग्ण सहकार्य करत नाही." त्यातून डॉक्टरांना काय कळणार? "रात्री दोन ते चार खिडकीपाशी उभी, ओठ हलत होते, विचारल्यावर म्हणाली भाऊ बोलावतोय, पाणी घेतलं नाही" असं लिहिलं तर सकाळी औषध बदलतं. बघणं आणि जसंच्या तसं लिहिणं, यातच या कामाचा अर्धा जीव आहे. हळवेपणा त्यात उपयोगी पडतो, पण तो दाराशी उभा राहून. आत घुसला की तू रुग्णाला मोबाइल नंबर देशील, सुट्टीच्या दिवशी त्याला डबा नेशील, आणि तो तुझ्या सुट्टीत पुन्हा आजारी पडला की रडत बसशील. नर्स आणि रुग्ण यांच्यातल्या नात्याच्या पेपलॉबाईंनी सांगितलेल्या पायऱ्या तू परीक्षेसाठी पाठ केल्याच असशील. त्यातली शेवटची, रुग्णाशी जोडलेलं नातं व्यवस्थित संपवण्याची, प्रत्यक्षात सगळ्यात जड जाते. तिची तयारी पहिल्या दिवसापासून करायची असते: "मी तुमची नर्स आहे, मी गुरुवारपर्यंत सकाळच्या ड्यूटीला आहे" इतकं साधं सांगून.

मग मामा.

पत्रात तू त्याला शेवटच्या चार ओळी दिल्यास, पण मला वाटतं पत्र तिथूनच सुरू होतं. घरात असा आजार पाहिलेल्या मुली या क्षेत्रात खूप येतात आणि त्यांच्यातल्या कित्येक उत्तम नर्स होतात, कारण नातेवाइकांना काय सोसावं लागतं हे त्यांना सांगावं लागत नाही. म्हणून मी तुला मागे खेचत नाही. फक्त एवढं विचारते की "मामासाठी जे झालं नाही" म्हणजे नेमकं काय? औषध वेळेवर सुरू झालं नाही? घरातल्यांनी देवऋषी केला? त्याच्याशी कुणी बोललं नाही? की तो बरा झाला नाही? पहिल्या तीन गोष्टी एक नर्स बदलू शकते. चौथी तुझ्या हातात असेलच असं नाही. स्किझोफ्रेनियाचे काही रुग्ण औषधाने चांगले सावरतात, काही अर्धवट सावरतात, काही परत परत भरती होतात. प्रत्येक परत आलेला रुग्ण म्हणजे मामाचा पराभव असं तुला वाटायला लागलं, तर वर्षभरात दमशील.

आजीला चहातल्या गोळीबद्दल दोष देऊ नकोस. तिला जे सुचलं, जमलं ते तिने केलं. पण हॉस्पिटलात तुला असं करता येणार नाही. तिथे रुग्णाला न कळवता औषध देणं हा वेगळा, गंभीर प्रश्न होतो. संमती देण्याची क्षमता, नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाला निर्णयात साथ द्यायला नेमलेली व्यक्ती), डॉक्टरांचा लेखी निर्णय हे सगळं त्यात येतं. नोकरी लागल्यावर तुझ्या पहिल्या सीनियर सिस्टरला, योग्य वेळ बघून, घरात असा रुग्ण आहे हे सांगून ठेव. मामाच्या वयाचा, मामासारखा दिसणारा कुणी भरती झाला तर ती तुझ्यावर लक्ष ठेवेल, गरज पडली तर रुग्ण बदलून देईल. आणि घरी गेल्यावर मामाची भाचीच राहा. त्याची नर्स होऊ नकोस. त्याच्या तपासणीला सोबत जाणं पुरेसं आहे.

आता मूळ प्रश्न, आयसीयू की मनोरुग्णालय. मला तो प्रश्न असा मांडलेला पटत नाही. नुकत्याच पास झालेल्या मुलीने विषय निवडण्याआधी वॉर्ड निवडावा. पहिल्या सहा महिन्यांत तुझ्या शेजारी कोण उभं असणार आहे, चुकलीस तर कोण सांगणार आहे, रात्री दोनला फोन केला तर कोण उचलणार आहे? यावर तू कशी नर्स होणार ते ठरतं. चांगल्या सीनियरच्या हाताखालचा कुठलाही वॉर्ड, एकटीवर सोडून दिलेल्या आवडत्या वॉर्डापेक्षा बरा. खासगी आयसीयूत दुसऱ्याच आठवड्यात दोन व्हेंटिलेटर गळ्यात पडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांचा हात तयार झाला, पण त्या जे शिकल्या ते घाबरत शिकल्या.

म्हणून दोन्हीकडे जाऊन विचार. पगारापेक्षा आधी हे विचार की मला एकटीला नाइट ड्यूटी किती आठवड्यांनी लागेल, आणि रात्री किती रुग्णांमागे किती नर्स असतात. आधीची मुलगी का सोडून गेली हेही विचार. यावर मेट्रन बाई हसून विषय बदलतात की सरळ उत्तर देतात, ते बघ.

मनोरुग्णालयात काही प्रश्न जास्तीचे. तिथे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी झाल्याचं प्रमाणपत्र आहे का? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार नोंदणीशिवाय असं रुग्णालय चालवता येत नाही, आणि दारू व अमली पदार्थांच्या वापराशी जोडलेले मानसिक आजारही त्या कायद्यात येत असल्याने व्यसनमुक्ती विभागालाही हाच नियम आहे. हे मुद्दाम सांगते, कारण व्यसनमुक्तीच्या नावाखाली माणसं कोंडून ठेवणारी ठिकाणं आपल्याकडे आहेत आणि नर्सची सही त्यांना लागते. शॉक ट्रीटमेंटला भूलतज्ज्ञ येतात का हे विचार. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ती द्यायला कायद्याने बंदी आहे.

आणि बांधण्याचं रजिस्टर दाखवा म्हण. रुग्णाला बांधायचं तर ते फक्त, त्याला किंवा दुसऱ्याला होणारी तातडीची इजा टाळायचा दुसरा मार्ग नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, लागेल तेवढाच वेळ, देखरेखीखाली आणि नोंद करून. शिक्षा म्हणून नाही. आणि कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की माणसं कमी आहेत या कारणासाठीही नाही. हे वाक्य पाठ करून ठेव, कारण पहिल्याच महिन्यात कुणीतरी तुला म्हणेल, "सिस्टर, आज स्टाफ नाही, त्याला बांधून टाका." साखळदंडाला तर पूर्ण बंदी आहे. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले २८ रुग्ण जागेवरून हलू न शकल्याने जळून गेले. त्या घटनेनंतर देशभर आरडाओरड झाली, तरी साखळ्या सगळीकडच्या सुटल्या नाहीत. तुला असा हुकूम मिळाला तर "सर, ऑर्डर लिहून द्या" एवढंच म्हणायचं. आवाज न चढवता. लिहून मागितलं की निम्मे हुकूम तिथेच विरतात.

शक्य असेल तर एका सकाळी तिथे चार तास बसायची परवानगी माग. स्टाफ रुग्णांना नावाने हाक मारतो का? रुग्णांच्या अंगावरचे कपडे त्यांचे स्वतःचे आहेत का? संडासाला दार आहे का? हे तीन बघितलेस तरी पुष्कळ कळेल.

तू ज्याचा विचारच केला नाहीस असा एक तिसरा रस्ताही आहे: मेडिकल कॉलेजच्या मोठ्या रुग्णालयातला मनोविकार विभाग. पुण्यात ससून, मुंबईत केईएम, आणि जिथे जिथे मेडिकल कॉलेज आहे तिथे तो असतो. अशा वॉर्डात मधुमेही, गरोदर, अपघातातून आलेले मनोरुग्ण असतात, त्यामुळे हातही राहतो आणि विषयही मिळतो. अडचण एवढीच की सरकारी भरतीत वॉर्ड आपण निवडत नाही. सरकारची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. तिथे शिकायला अमाप आहे, पण येरवड्याच्या २,५४० मंजूर खाटा आणि रत्नागिरीच्या ३६५ यांत कामाची जातच बदलते. शिवाय मोठ्या ठिकाणी बरे होऊनही घरी न गेलेले लोक वर्षानुवर्षं असतात. अशा बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहांत हलवणं थांबवा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०१९ मध्ये महाराष्ट्राला सांगावं लागलं होतं. नवीन मुलीला तिथे सगळ्यात जास्त त्रास होतो तो आक्रमक रुग्णाचा नसतो. सणाच्या दिवशी गेटकडे बघत बसलेल्या शांत बायकांचा होतो. सरकारी जागांच्या जाहिरातींवर नजर ठेव, पण त्यांची वाट बघत घरी बसू नकोस.

आणि समजा चौकशीअंती आयसीयूच बरा निघाला, तर मनाला लावून घेऊ नकोस. आपल्या राज्यातल्या आयसीयूत "औषध घेतलेले" रुग्ण किती येतात ते तुला सांगायला नको. फवारणीचं औषध पिऊन आलेल्या बाईला अ‍ॅट्रोपिन मिळतं, व्हेंटिलेटर मिळतो, पाचव्या दिवशी नळी निघते, आणि मग राउंडला येणारा प्रत्येकजण तिला विचारतो, "का गं असं केलंस? पोरांचा विचार नाही आला?" तिथे खुर्ची ओढून शांतपणे बसणारी एक नर्स लागते. तिला हेही माहीत असावं लागतं की २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं असतं आणि त्याला उपचार देणं सरकारचं कर्तव्य आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत उरलंच नाही. पोलिसांना कळवायची कागदपत्रं होतात, पण "आता तुझ्यावर केस होणार" असं तिला घाबरवणाऱ्या मामा-मावशांना तू गप्प करू शकतेस. डिस्चार्जच्या कागदावर मनोविकार विभागाची तारीख लिहिली आहे का हे बघणं आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर तिच्या हातात देणं, हेसुद्धा मनोरुग्ण परिचर्याच आहे. आयसीयूतले म्हातारे रात्री भ्रमात जाऊन नळ्या उपटतात, त्यांच्याशी कसं बोलायचं हेही तिथेच शिकशील.

घरचं. आईच्या बोलण्यात तीन भीती एकत्र आहेत असं मला वाटतं: मुलीला मारतील, मुलगी तिथे राहून तशीच होईल, आणि लग्न जमणार नाही. तिन्हींना एकच उत्तर देऊ नकोस. मारण्याबद्दल खरं बोल. धोका असतो, आणि तो कमी करायच्या रीती असतात: केस बांधलेले, गळ्यात ओढणी नाही, ओळखपत्राची दोरी ओढताच सुटणारी, एकटीने बंद खोलीत जायचं नाही, उभं राहताना दार आपल्या पाठीशी मोकळं, चढलेल्या आवाजाला खालच्या आवाजात उत्तर. कॅज्युअल्टीत दारू पिऊन आलेल्या नातेवाइकांपुढे नर्सला जेवढा धोका असतो, त्यापेक्षा चांगल्या मनोरुग्णालयात तो फार जास्त नाही, असा माझा अनुभव. तशीच होईल, या भीतीला भावाची आठवण चिकटलेली आहे, तिथे वाद घालू नकोस, तिचं ऐकून घे. लग्नाचं म्हणशील तर नाइट ड्यूटी करणारी सून स्थळांना आयसीयूतली तरी कुठे आवडते? जे घर "मनोरुग्णालयात काम करते" एवढ्यावरून उठून जाईल, त्या घरात उद्या तुझ्या मामाचं काय सांगणार होतीस?

गप्प असलेल्या वडिलांना मात्र सोबत घेऊन जा. हॉस्पिटल दाखव, मेट्रनशी बोलू दे. बाप एकदा जागा बघून आला की घरातला अर्धा वाद मिटतो.

तुझ्यासारखंच पत्र लिहिणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. जीएनएम, म्हणजे सामान्य नर्सिंगची पदविका, झालेल्यांनी "आम्हाला मनोरुग्ण परिचर्येची पदविका नाही" म्हणून मागे राहू नये. २०१७ च्या कायद्यातल्या मानसिक आरोग्य परिचारिकेच्या व्याख्येत कौन्सिलकडे नोंदणी झालेल्या, सामान्य नर्सिंगची पदविका किंवा पदवी असलेल्या व्यक्तीही येतात. पुढे मनोरुग्ण परिचर्येची एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका करता येते. बी.एस्सी. झालेल्यांना वर्षभराच्या अनुभवानंतर याच विषयात दोन वर्षांचं एम.एस्सी. करता येतं, बंगळुरूच्या निम्हान्सचं नाव त्यात सगळ्यांना माहीत आहे. ब्रदर मंडळींनी, म्हणजे पुरुष नर्सनी, नोकरी घेताना सावध राहावं. पुष्कळ ठिकाणी त्यांना नर्स म्हणून घेतात आणि पहिलवान म्हणून वापरतात. इंजेक्शनच्या वेळी हात धरायला बोलावलं जातं, केस नोट्स लिहायला नाही. हे कामाच्या पहिल्या आठवड्यातच बोलून घ्यावं. परदेशाचा विचार असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की ब्रिटनच्या रजिस्टरमध्ये प्रौढांचं नर्सिंग आणि मानसिक आरोग्याचं नर्सिंग या वेगळ्या शाखा आहेत. म्हणून अनुभवाच्या पत्रावर वॉर्डाचं नाव आणि कामाचं स्वरूप स्पष्ट लिहून घ्यावं. आणि मनोरुग्ण परिचर्येला भाषा लागते. जर्मनीत तोडक्यामोडक्या जर्मनवर सर्जिकल वॉर्ड कदाचित निभेल, भ्रमात असलेल्या माणसाशी बोलणं निभणार नाही.

तुझ्या दोन नोकऱ्यांत माझा कौल विचारशील तर मनोरुग्णालयाला. पण अट अशी की रात्री सोबत सीनियर मिळेल, बांधण्याचं रजिस्टर तुला दाखवलं जाईल आणि नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर असेल. या तिन्हींपैकी एक जरी नसेल तर आयसीयू घे, किंवा एखाद्या मेडिसिन वॉर्डात जागा शोध, आणि वर्षभराने पुन्हा प्रयत्न कर. चार हजारांसाठी निर्णय फिरवू नकोस, पण पुण्यात खोलीभाडं आणि मेस धरून हिशेब कागदावर मांड. दोन्हीपैकी जिथे हॉस्टेल मिळतं तिथे तो फरक भरून निघू शकतो.

सही करण्याआधी बॉन्डचं कलम वडिलांसोबत बसून वाच: किती महिने, मध्येच सोडलं तर किती रक्कम, आणि प्रशिक्षणाच्या काळात पगार पूर्ण की अर्धा. मूळ प्रमाणपत्रं आणि कौन्सिलचं नोंदणीपत्र "फाइलला ठेवतो" म्हणून मागतील. ती दाखवायची, झेरॉक्स द्यायची आणि मूळ कागद त्याच पिशवीत घालून परत आणायचे.